स्क्रिप्टने काढलेल्या चित्राचा मालक कोण?

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी काही वर्षांपासून सांभाळतो. काम साधं आहे. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं फोनवर टिपायची आणि साइटवर चढवायची. मग सर्व्हरवरची पीएचपी स्क्रिप्ट प्रत्येक फोटोची छोटी प्रत, म्हणजे थंबनेल, तयार करून वेगळ्या फोल्डरात ठेवते. एका संध्याकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "सर, आज बारा मुखपृष्ठं चढवली. चार दिसतायत, आठ दिसत नाहीत. फोटोच्या जागी नुसती मोडकी चौकट येतेय. माझ्या हातून काही चुकलं का?"

त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. आठही थंबनेल सर्व्हरवर होती, रिकामी नव्हती, उतरवून घेतली तर मुखपृष्ठं स्वच्छ दिसत होती. पण ब्राउझरमध्ये त्यांचा थेट पत्ता टाकला की '४०३ फॉरबिडन'. म्हणजे फाइल आहे, पण ती द्यायला सर्व्हरला परवानगी नाही. अशा वेळी ओळखीच्यांना विचारलं की बहुतेक जण एकच उपाय सांगतात: "७७७ दे, सुटेल." पुष्कळदा सुटतंही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. कारण अडचण कशाची होती ते कळतच नाही. आमच्या बाबतीत फोल्डरला ७७७ देऊन काही झालंही नसतं. अडचण फोल्डरची नव्हती, त्या आठ फाइलींची होती.

ज्यांच्या साइटवर एखादी स्क्रिप्ट स्वतः चित्रं तयार करते त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. मग ती थंबनेल असोत, वॉटरमार्क घातलेले फोटो असोत, स्पर्धेची प्रमाणपत्रं असोत की क्यूआर कोड. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. आणि आकड्यांकडे वळण्याआधी तीन प्रश्न मनात पक्के करून घ्या. ही फाइल कुणी तयार केली? ती कोण वाचणार आहे? आणि उद्या ती कोण पुसणार आहे? या तिघांची नावं कळली की आकडा आपोआप ठरतो.

लिनक्सवर प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. उरलेले सगळे 'इतर'. या तिघांसाठी तीन आकडे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि त्यांची बेरीज. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला आणि इतरांना फक्त वाचता येतं. ६०० म्हणजे मालकाशिवाय कुणालाच काही नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: तिन्ही खान्यांची बेरीज होत नाही. तुम्ही मालक असाल तर फक्त पहिला आकडा पाहिला जातो, तिसऱ्यात कितीही उदार परवानगी लिहिलेली असली तरी. हा बारकावा पुढे एका ठिकाणी कामाला येणार आहे.

आता मालक. फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची प्रक्रिया ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते तो त्या फाइलीचा मालक होतो. स्क्रिप्ट तुम्ही लिहिली, एफटीपीने तुम्हीच चढवली, म्हणून तिने काढलेली चित्रं तुमच्या नावावर होतील असं मुळीच नाही. डेबियन आणि उबंटूवर वेब सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने चालतो. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर अपाची सर्व्हर 'अपाची' याच नावाने. स्क्रिप्ट त्या नावाने चालली तर चित्रंही त्याच नावावर जमा होतात, आणि मग एफटीपीने ती बदलायला गेलात की नकार येतो. उलट हल्लीच्या बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी-एफपीएम प्रत्येक खातेदाराच्या स्वतःच्या नावाने चालवलेलं असतं. तिथे स्क्रिप्टने काढलेली फाइल तुमचीच होते, पण ती ब्राउझरला देणारा वेब सर्व्हर, समजा एनजिनएक्स, दुसऱ्याच नावाने चालत असतो. या दोन व्यवस्थांत उत्तरं पार वेगळी येतात. म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरवर चाललेला आकडा जसाच्या तसा आपल्याकडे उचलून आणू नये.

आपल्याकडे कोणती व्यवस्था आहे हे तपासायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे स्क्रिप्टकडून एक फाइल तयार करून घ्यायची आणि 'एलएस -एल' देऊन मालकाचं नाव वाचायचं. पीएचपीत 'गेट करंट यूझर' नावाचं फंक्शन आहे, पण त्याच्या नावावर जाऊ नका. ते चालू प्रक्रियेचा वापरकर्ता सांगत नाही, स्क्रिप्टच्या फाइलीचा मालक सांगतं. त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवून मी एक अख्खी दुपार चुकीच्या दिशेला शोध घेतला आहे.

मालक कळला. आता नव्या फाइलीला आकडा कुठून येतो ते पाहू. बहुतेक प्रोग्रॅम नवी फाइल मागताना ६६६ मागतात आणि नवा फोल्डर मागताना ७७७. त्यातून यूमास्क नावाची चाळणी ठरावीक परवानग्या गाळून टाकते. सर्व्हरवर हा यूमास्क बहुधा ०२२ असतो, म्हणून फाइल ६४४ होते आणि फोल्डर ७५५. पुष्कळ जण याला वजाबाकी समजतात; ०२२ ला ती जुळतेही. पण यूमास्क ०३३ घेतला तर ६६६ मधून ६३३ उरत नाही, ६४४ च उरतं. कारण इथे आकडे वजा होत नाहीत, एकेक परवानगी गाळली जाते, आणि जी मुळात मागितलीच नव्हती ती गाळायचा प्रश्न येत नाही.

पीएचपीच्या जीडी लायब्ररीने जेपेग किंवा पीएनजी फाइल थेट लिहिली तर ती याच वाटेने जाते. ०२२ यूमास्क असेल तर ६४४ मिळतं, सर्व्हरला वाचता येतं, सगळं ठीक चालतं. मग आमची आठ मुखपृष्ठं का अडकली?

स्क्रिप्ट दोन वाटांनी जात होती. फोटो आधीच लहान असेल तर ती त्याची सरळ नक्कल करायची. मोठा असेल तर आकार कमी करायची. आकार कमी करताना चित्र आधी तात्पुरत्या फाइलीत लिहिलं जायचं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलून जागेवर ठेवलं जायचं. ही पद्धत उत्तम आहे, कारण त्यामुळे अर्धवट लिहिलेलं चित्र वाचकाच्या ब्राउझरला कधीच जात नाही. पण तात्पुरती फाइल देणारं 'टेम्पनेम' हे फंक्शन तिला जाणूनबुजून ६०० परवानगी देतं, आणि नाव बदललं म्हणून परवानगी बदलत नाही. लहान चार फोटो नक्कल होऊन ६४४ झाले. मोठे आठ ६०० वर राहिले. मालक आमचं खातं, वाचणारा एनजिनएक्स. तो 'इतर' या खान्यात, आणि त्या खान्यात शून्य.

हा दोष फक्त आमच्या स्क्रिप्टचा नव्हता. पायथनमधल्या जँगो या प्रसिद्ध फ्रेमवर्कमध्ये नेमकी हीच गंमत वर्षानुवर्षं होती. तिथे अडीच एमबीपर्यंतची फाइल मेमरीत ठेवली जाते आणि त्याहून मोठी तात्पुरत्या फाइलीच्या वाटेने जाते. त्यामुळे लहान फोटोंना एक परवानगी आणि मोठ्यांना ६००, असं व्हायचं. शेवटी जँगो ३.० मध्ये चढवलेल्या फाइलींची ठरावीक परवानगी ६४४ केली गेली. 'काही फोटो दिसतात, काही दिसत नाहीत' ही तक्रार आली की मी आता पहिल्यांदा त्या फोटोंचे आकार विचारतो.

उपाय एका ओळीचा आहे. चित्र तात्पुरत्या फाइलीत लिहून झालं की तिला परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉडने ०६४४ द्या आणि मगच नाव बदला. क्रम महत्त्वाचा. आधी नाव बदलून नंतर परवानगी दिलीत तर मधल्या क्षणी जो वाचक येईल त्याला ४०३ मिळेल, आणि वाटेत एखादा कॅश बसलेला असेल तर तो नकारच धरून बसायची शक्यता आहे. स्क्रिप्टमधून यूमास्क बदलणं हा दुसरा मार्ग दिसतो, पण तो टाळा. यूमास्क पूर्ण प्रक्रियेचा असतो. एकाच प्रक्रियेत अनेक थ्रेड चालवणाऱ्या सर्व्हरवर तुमच्या स्क्रिप्टने केलेला बदल शेजारी चाललेल्या दुसऱ्या स्क्रिप्टलाही लागू होतो. फाइल तयार झाल्यावर तिची परवानगी स्पष्टपणे देणं केव्हाही बरं.

सीएचमॉड लिहिताना आणखी एक शून्य सांभाळा. टर्मिनलवर ६४४ लिहा की ०६४४, आज्ञा तो अष्टमान, म्हणजे आठाच्या पायावरचा, आकडाच समजते. पीएचपीत तसं नाही. तिथे सुरुवातीचं शून्य असलं तरच आकडा अष्टमान. शून्य विसरून ६४४ लिहिलंत तर तो रोजच्या व्यवहारातला सहाशे चव्वेचाळीस होतो आणि त्याचं अष्टमान रूप निघतं १२०४. उकलून पाहा: मालकाला फक्त लिहिता येतं, गटाला काहीच नाही, इतरांना वाचता येतं. ब्राउझरमध्ये चित्र छान दिसतं, कारण एनजिनएक्स 'इतर' मध्ये आहे. पण दोन महिन्यांनी त्याच चित्रावर वॉटरमार्क घालायला स्क्रिप्ट ते उघडायला जाते तेव्हा तिला वाचताच येत नाही. ती मालक आहे, आणि मालकाचा खाना म्हणतो फक्त लिही. मघाशी म्हटलं तो बारकावा हाच. फोल्डरला शून्याविना ७५५ दिलंत तर निघतं १३६३, ज्यात गटाला आणि इतरांनाही लिहिण्याची मुभा मिळून बसते. आकडा अवतरणचिन्हांत घालून शून्यासकट लिहिला तरी फायदा नाही. पीएचपी त्या मजकुराचा दशमान आकडाच करते. पीएचपी ८.१ पासून शून्यापुढे इंग्रजी 'ओ' लिहून अष्टमान स्पष्ट करता येतं, तीच सवय लावून घ्या. पायथन ३ या बाबतीत जास्त कडक आहे. तिथे नुसतं शून्य लावून ०६४४ लिहिलं तर स्क्रिप्ट चालतच नाही, 'शून्य-ओ' लिहावंच लागतं.

फाइलींपेक्षा फोल्डर जास्त चकवतात, कारण त्याच तीन परवानग्या तिथे वेगळा अर्थ घेतात. फोल्डरवर 'वाचणे' म्हणजे आत कोणकोणती नावं आहेत ती यादी पाहणं. 'लिहिणे' म्हणजे आत नवी फाइल ठेवणं, असलेलीचं नाव बदलणं किंवा ती पुसणं. आणि 'चालवणे' म्हणजे त्या फोल्डरमधून आत जाता येणं. जुन्या वाड्यात माजघरातली वस्तू आणायची तर दिंडीदरवाजा, चौक, ओसरी असा एकेक उंबरा ओलांडावा लागतो; माजघराचं दार सताड उघडं असून दिंडी बंद असेल तर उपयोग नाही. चित्राच्या फाइलीला ६४४ असूनही ४०३ येतो तेव्हा वरच्या कुठल्या तरी फोल्डरवर ती आत जायची परवानगी नसते. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरला ७५० परवानगी देणं सुरू केलं. त्यामुळे होम फोल्डरच्या आत साइट ठेवायची सवय असलेल्यांना नव्या सर्व्हरवर अचानक ४०३ दिसू लागले. फाइली त्याच, आकडे तेच, फक्त वरची दिंडी बंद. 'नेमआय -एल' ही आज्ञा पूर्ण पत्त्यातल्या एकेका पायरीचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवते. ही आज्ञा फारशी कुणाला माहीत नसते. ती माहीत झाल्यापासून माझे कितीतरी तास वाचले आहेत.

पुसण्याचा हक्क फाइलीच्या परवानगीवर नाही, तिच्या फोल्डरच्या परवानगीवर ठरतो, हेही इथेच सांगून टाकतो. फाइल ४४४ करून ठेवली म्हणजे ती कुणी पुसू शकणार नाही असं समजणारे खूप आहेत. फोल्डरवर लिहिता येत असेल तर ती फाइल पुसता येते. अपवाद स्टिकी बिट लावलेल्या फोल्डरचा, जसा सर्व्हरचा सामायिक 'टेम्प' फोल्डर: त्याची परवानगी १७७७ असते, म्हणजे कुणीही लिहावं, पण पुसावं फक्त फाइलीच्या मालकाने, फोल्डरच्या मालकाने किंवा यंत्राचा सर्वाधिकारी असलेल्या रूटने.

स्क्रिप्ट स्वतः फोल्डर तयार करत असेल, समजा वर्ष आणि महिन्याप्रमाणे, तर गोष्ट आणखी पुढे जाते. तुम्ही एमकेडीआयआरला ०७७७ दिलंत तरी यूमास्क ०२२ ते ७५५ करतो. फोल्डर सर्व्हरच्या नावावर, लिहिणार फक्त तोच. पुढे तुम्ही तुमच्या नावाने टर्मिनलवरून जुन्या मुखपृष्ठांची थंबनेल एकगठ्ठा तयार करायची स्क्रिप्ट चालवलीत की पहिल्याच फोल्डरात 'परवानगी नाही'. इथे दोघांनाही काम करायचं आहे, म्हणून उत्तर गटात आहे. तुम्ही आणि सर्व्हर असे दोघे ज्यात आहात असा गट करा, चित्रांचा फोल्डर त्या गटाच्या नावावर करा आणि त्याला २७७५ परवानगी द्या. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आणि उपफोल्डर तोच गट घेतो. जोडीला दोन्हीकडे यूमास्क ००२ ठेवा, नाहीतर गट बरोबर येईल आणि गटाला लिहिता मात्र येणार नाही. यूमास्क बदलणं हातात नसेल तर 'सेटएफएसीएल'ने फोल्डरला डिफॉल्ट एसीएल लावा. तिथे आत तयार होणाऱ्या फाइलींसाठी यूमास्क पाहिलाच जात नाही. तुमच्या होस्टिंगवर स्क्रिप्ट तुमच्याच नावाने चालत असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४, पुरे.

आता ७७७ बद्दल. मी सुरुवातीच्या काळात एका साइटच्या थंबनेल फोल्डरला ते दिलं होतं. शेअर्ड होस्टिंग, एकाच यंत्रावर अनेक साइट, सगळ्यांच्या स्क्रिप्ट एकाच नावाने चालणाऱ्या. काही महिन्यांनी त्या फोल्डरात, शंभरेक जेपेगमध्ये, एक पीएचपी फाइल सापडली. ती मी ठेवलेली नव्हती आणि तिच्यातून ढिगाने ईमेल पाठवले जात होते. त्या साइटच्या पत्त्यावरून जाणारे साधे स्मरणपत्राचे ईमेलही त्यानंतर कित्येक आठवडे लोकांच्या स्पॅममध्ये जात राहिले. ७७७ मधला शेवटचा सात म्हणजे त्या यंत्रावर ज्याचं खातं आहे असा कुणीही. त्यातल्या एकाची साइट फोडली गेली की त्याच्या वाटेने आलेला माणूस तुमच्या फोल्डरात लिहू शकतो.

शिवाय ७७७ एका फोल्डरपुरतं राहत नाही. वर्डप्रेसचंच उदाहरण घ्या. तिथे चढवलेल्या चित्राला आणि त्याच्या लहान प्रतींना बाहेरच्या फोल्डरची परवानगी दिली जाते, फक्त 'चालवणे' काढून. फोल्डर ७५५ असेल तर चित्र ६४४. फोल्डर ७७७ असेल तर प्रत्येक चित्र ६६६. आणि महिन्यागणिक तयार होणारे नवे फोल्डरही वरच्या फोल्डरकडे पाहून आपली परवानगी ठरवतात. एकदा घाईत केलेलं ७७७ असं पुढची सगळी वर्षं झिरपत राहतं. काही होस्टिंगवर तर ते चालतच नाही. अपाचीची सूएक्झेक व्यवस्था ज्या फोल्डरात इतरांना लिहिता येतं तिथली स्क्रिप्ट चालवायलाच नकार देते आणि पानावर ५०० चा दोष येतो. तिथे ७७७ दिल्यावर साइट बंद पडते, आणि माणूस गोंधळून जातो की परवानगी वाढवली तर कमी कसं झालं.

आधीच पसरलेलं ७७७ आवरताना 'सीएचमॉड -आर ६४४' असं सरसकट देऊ नका. फोल्डरांवरची आत जायची परवानगीही निघून जाईल आणि अख्खी शाखा बंद पडेल. फाइंडने फोल्डर आणि फाइली वेगळ्या काढून एकांना ७५५ आणि दुसऱ्यांना ६४४ द्या. लक्षात ठेवा, सीएचमॉड फक्त मालकाला किंवा रूटला करता येतं. ज्या फाइली सर्व्हरच्या नावावर आहेत त्यांवर तुमच्या एफटीपीचा इलाज चालणार नाही. तिथे रूटचा प्रवेश नसेल तर तीन ओळींची स्क्रिप्ट लिहून सर्व्हरकडूनच ते काम करून घ्या आणि काम झालं की ती स्क्रिप्ट ताबडतोब काढून टाका.

एक गैरसमज मी अनुभवी लोकांकडूनही ऐकला आहे: चित्रांच्या फोल्डरातल्या फाइलींना 'चालवणे' नाही, म्हणजे तिथे पीएचपी आली तरी चालणार नाही. चालते. पीएचपीची फाइल सर्व्हर स्वतः वाचून पीएचपीच्या हाती देतो, त्याला फक्त वाचण्याची परवानगी लागते. ६४४ असलेली पीएचपी फाइल मजेत चालते. तुमच्या साइटच्या सगळ्या पीएचपी फाइली तशाच तर चालतात. आणि समजा तुमचे सगळे आकडे अचूक आहेत, तरी चित्र लिहिणारी स्क्रिप्ट त्या फोल्डरात लिहू शकतेच. तिलाच कुणी फसवलं तर आकडे काय करणार? २०११ च्या ऑगस्टमध्ये टिमथंबचं हेच झालं. वर्डप्रेसच्या असंख्य थीमसोबत येणारी ती थंबनेल काढणारी स्क्रिप्ट होती. ठरावीक साइटवरूनच चित्र आणायचं असा तिचा नियम होता, पण त्या साइटचं नाव पत्त्यात कुठेही सापडलं तरी ती समाधान मानायची. हल्लेखोरांनी तसे पत्ते तयार केले, चित्राच्या नावाखाली पीएचपी पाठवली, आणि टिमथंबने ती आज्ञाधारकपणे आपल्या कॅश फोल्डरात लिहिली. तो फोल्डर वेबवरून उघडता येत होता आणि तिथे पीएचपी चालत होती, म्हणून घात झाला.

यातून घ्यायचं ते असं. ज्या फोल्डरात स्क्रिप्ट लिहिते तिथे कुठलीही स्क्रिप्ट चालणार नाही असा नियम सर्व्हरच्याच मांडणीत लिहा. एनजिनएक्सवर त्या फोल्डरसाठी वेगळा लोकेशन खंड करा आणि तिथून काहीही पीएचपी-एफपीएमकडे जाणार नाही असं पाहा. अपाचीवर त्या फोल्डरातल्या पीएचपी फाइलींना पूर्ण मज्जाव करा. आणि ज्या फोल्डरात साइटचा कोड आहे तिथे स्क्रिप्टला लिहिण्याची परवानगीच ठेवू नका. चित्राचा विस्तारही पाठवणाऱ्याने दिलेल्या नावावरून घेऊ नका. चित्र उघडून, स्वतः नव्याने लिहून, नाव स्वतःच ठरवा.

परवानग्यांकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. वाचनालयाच्या सभासदांची ओळखपत्रं आम्ही अशीच स्क्रिप्टने तयार करतो. त्यावर नाव, फोटो, पत्ता असतो. ती वेबच्या फोल्डरात ६४४ ने ठेवली आणि फाइलीचं नाव सभासद क्रमांकावरून दिलं, तर एकाचं ओळखपत्र पाहणारा पत्त्यातला आकडा एकाने वाढवून शेजाऱ्याचं पाहू शकतो. ६०० केलं तर कुणालाच दिसत नाही, ज्याचं आहे त्यालाही नाही. फाइलीच्या परवानग्या यंत्रावरच्या वापरकर्त्यांमध्ये फरक करतात. वेबवरून येणारे सगळे त्यांच्या लेखी एकच, सर्व्हरचा वापरकर्ता. म्हणून अशी चित्रं वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा. स्क्रिप्टने आधी लॉगिन तपासावं आणि मग चित्र द्यावं. मोठ्या फाइली स्क्रिप्टमधून वाहून न्यायच्या नसतील तर एनजिनएक्सचं एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट किंवा अपाचीचं एक्स-सेंडफाइल वापरा. तिथे तपासणी स्क्रिप्ट करते आणि फाइल सर्व्हर पोचवतो. आणि जे चित्र एकदाच दाखवायचं आहे, जसा कॅप्चा, ते साठवूच नका. जीडीला फाइलीचं नाव न देता थेट ब्राउझरकडे लिहायला सांगता येतं. मग मालकही नाही आणि परवानगीही नाही.

सगळे आकडे आणि मालक बरोबर असूनही नकार येत असेल तर नोंदवही, म्हणजे सर्व्हरचा एरर लॉग, वाचा. 'परमिशन डिनाइड' आणि कंसात १३ हा आकडा दिसला तर अडथळा परवानगीचाच आहे हे नक्की. रेड हॅट कुळातल्या यंत्रावर मग एसईलिनक्सकडे पाहा. तिथे प्रत्येक फाइलीवर आणखी एक लेबल असतं, 'एलएस -झेड' दिलं की दिसतं, आणि सर्व्हरला लिहायचं असेल तर फोल्डरवर लिहिण्याचं लेबल हवं असतं. दुसरीकडून एमव्हीने हलवलेली फाइल जुनं लेबल सोबत घेऊन येते. रिस्टोअरकॉन दिलं की ते जागेप्रमाणे सुधारतं. एसईलिनक्स सरळ बंद करून टाकायचा सल्ला मिळेल. तो ७७७ चाच भाऊ आहे, घेऊ नका. कधी नकार येत नाही, चित्रच सापडत नाही: डेबियनवर अपाचीला स्वतःचा वेगळा 'टेम्प' फोल्डर दिलेला असतो, त्यामुळे स्क्रिप्टने टेम्पमध्ये ठेवलेलं चित्र तुम्हाला टर्मिनलवर नेहमीच्या जागी सापडणार नाही. त्यात परवानगीचा काही संबंध नाही.

सर्व्हर बदलताना हे सगळं पुन्हा समोर येतं. मालकाचं नाव आपण वाचतो, पण डिस्कवर लिहिलेला असतो आकडा. डेबियनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणजे ३३. पीएचपीच्या अल्पाइनवरच्या डॉकर प्रतिमेत त्याच नावाचा वापरकर्ता ८२. रेड हॅट कुळात अपाची ४८. यजमान यंत्रावरचा फोल्डर कंटेनरमध्ये जोडला की फक्त आकडा आत जातो, आणि काल आपलं असलेलं चित्र आज परक्याचं ठरतं. गेल्या वर्षी वाचनालयाची साइट आम्ही नव्या सर्व्हरवर नेली तेव्हा फक्त मूळ फोटो हलवले, त्यांची मालकी सीएचओनने एकदाच नीट लावली आणि थंबनेलचा फोल्डर रिकामा ठेवला, म्हणजे पान उघडलं की स्क्रिप्ट ती नव्याने काढेल. लिहिता येतं की नाही हे साइट सुरू करण्याआधी सूडू वापरून, सर्व्हरच्याच नावाने, त्या फोल्डरात एक रिकामी फाइल तयार करून पाहिलं. मग ग्रंथपाल बाईंना दिवाळी अंकांचं पान उघडायला सांगितलं. "जरा हळू येतंय," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "आली, सगळी आली." तोवर मी दुसऱ्या खिडकीत 'एलएस -एल' देऊन बसलो होतो. एकेक थंबनेल जागेवर पडत होतं, प्रत्येकाच्या पुढे नव्या सर्व्हरचा मालक, आणि परवानगी ६४४.